पायपुसण्यावरची तीन अक्षरं

नणंदबाई सासर सोडून कायमच्या परत आल्या, त्याच वर्षी माझं लग्न झालं. आमच्या घरात त्या वर्षाला आकडा नाही. ‘ताई आली ते वर्ष’ असंच सगळे म्हणतात. माझं लग्न झालं ते वर्ष, असं कोणी म्हणत नाही. त्या आल्या आणि दीड महिन्यानं मी आले.

त्याच वर्षी मी माझ्या हातानं माझं नाव विणलं आणि घराच्या दारात टाकलं. पुढे एकोणीस वर्षं घरच्यादारच्या माणसांनी त्याला पाय पुसले. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मीही पुसले. मग ते नाव दारातून कोणी काढायचं, यावरून आम्ही दोघी आणखी तेरा वर्षं भांडलो. त्याची ही हकीकत.

मी लग्नाआधीपासून स्वेटरच्या कारखान्यात कामाला होते. तिथे मशीनवर लोकरीचे मोठे कोन लावतात. कोन संपत आला की शेवटची मूठभर लोकर काढून टाकतात, कारण ती मध्येच संपली तर स्वेटरला भोक पडतं. साहेबांच्या लेखी तो कचरा. आम्ही बायका तो घरी नेत असू. कोणी उशीत भरी, मी क्रोशाच्या सुईनं काहीतरी विणी. जुना कपडा दिसला की माझे हात शिवशिवत. फाटकी चादर, विटका पडदा, कॉलर गेलेला सदरा, काहीही चालायचं. कापड एका कडेनं कापत न्यायचं, पलीकडची कड बोटभर राहिली की थांबायचं, वळायचं, आणि उलटं कापत यायचं. पूर्ण तोडायचं नाही. असं नागमोडी कापलं की अख्ख्या चादरीची एकच लांब पट्टी होते. पट्टीचा गुंडा करायचा आणि जाड लाकडी सुईनं विणायला घ्यायचं. दोन पट्ट्या जोडायच्या तर टोकांना चीर पाडून एकीतून दुसरी ओवायची. गाठ मारायची नाही, गाठ पायाला टोचते.

हे सगळं बघून नणंदबाईंनी आठवड्याभरात माझं नाव ठेवलं, चिंधीबाई. पुढे गल्लीतही तेच चालू झालं. सासूबाई सूनबाई म्हणत, नवरा ‘अगं’ म्हणे. माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव त्या घरात कोणी घेतलं नाही. ते फक्त कारखान्याच्या हजेरीत होतं आणि तिथेही माझा अंगठा उठत असे.

नणंदबाई नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. सातवी शिकलेल्या. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून पत्रं वाचून घेत, म्हणून त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्या सासरहून का परत आल्या ते मला कोणी सांगितलं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, “तिला तिकडचं काही विचारायचं नाही.” मी म्हटलं, बरं.

एकदा सासूबाई म्हणाल्या, “दारात टाकायला काहीतरी विण की. सगळी माती आत येते. त्या कोपऱ्यातलं जुनं घे.”

कोपऱ्यात सदरे होते, एक पांढरी चादर होती, उशीचे दोन अभ्रे होते. त्यांना लागूनच एक गाठोडं सुटून पडलं होतं. त्यात वरच सहा चौकोनी पिवळी फडकी होती. धुऊन धुऊन अगदी मऊ पडलेली. इतकं मऊ कापड मला कधी मिळालं नव्हतं. मी आधी तीच घेतली.

नणंदबाई नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. त्या बादली घेऊन आल्या तेव्हा सहाही फडक्यांची पट्टी होऊन गुंडा झाला होता. त्या दारातच थांबल्या. माझ्या मांडीवरच्या गुंड्याकडे बघत राहिल्या. बादली खाली ठेवली ती तिरकी पडली, अर्धं पाणी सांडलं.

मी हौसेनं म्हटलं, “वन्सं, हे किती मऊ आहे हो! कडेला लावते. छान दिसेल.”

“दिसेल,” त्या म्हणाल्या आणि फडकं घेऊन पाणी पुसायला बसल्या.

तीन दिवसांनी त्यांनी मला एक कागद आणून दिला. चौकटी आखलेला. काही चौकटी पेन्सिलीनं काळ्या केलेल्या, काही रिकाम्या.

“नुसतं पांढरं काय विणतेस? हे घाल मध्ये. काळी चौकट तिथे लाल लोकर, रिकामी तिथे पांढरी पट्टी. मोजता तरी येतं ना?”

“येतं की. काय लिहिलंय वन्सं?”

“‘या’ लिहिलंय. आलेल्या माणसाला या म्हणतात ना, ते.”

“एवढ्याशा ‘या’ला एवढी अक्षरं?”

“मानानं म्हणायचं तर जास्त लागतात.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. महिन्याभरात त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं. मी खाली मान घालून चौकटी मोजल्या. वर एक लांब आडवी रेघ, तिच्याखाली तीन अक्षरं. पहिल्याला पोट होतं, दुसऱ्याला काठी आणि बाजूला वळलेली शेपटी, तिसरं सुटसुटीत. दोन लाल, एक पांढरं, तीन लाल. आठ दिवसांत मधला भाग झाला. त्याच्याभोवती सदऱ्यांच्या पट्ट्यांचे चार फेरे घातले आणि शेवटी कडेला पिवळीचे तीन फेरे. टोक आत ओवून असं लपवलं की मलाही परत सापडू नये.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. संध्याकाळी आला, दारात थबकला, खाली बघितलं, आत बहिणीकडे बघितलं. त्याला वाचता येत होतं. मी पदराला हात पुसत उभी होते, तो काय म्हणतो त्याची वाट बघत. तो म्हणाला, “छान आहे.” आणि पाय पुसून आत आला.

समोरच्या शिंप्याला मी स्वतः बोलावून दाखवलं. “बघा, सगळं घरच्या चिंध्यांचं. अक्षरंसुद्धा मीच घातली.” शिंपी बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “कमाल आहे बाई तुमची.” मी ती कमाल कौतुकाची समजले.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. नणंदबाई आत येताना लांब पाऊल टाकत आणि बरोबर अक्षरांवर उभ्या राहत. तिथे दोन्ही पाय घासून घासून पुसत. मग तसंच लांब पाऊल टाकून आत. कडेला त्यांचा पाय कधी लागला नाही. मला वाटायचं, चालण्याची खोड असेल.

अशी एकोणीस वर्षं गेली. सासूबाई त्यातच गेल्या. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यावरून मी टोमणे ऐकले नाहीत असं नाही, पण नणंदबाईंनी त्या बाबतीत मला एक शब्द कधी बोलून दाखवला नाही. बाकी एक दिवस सोडला नाही.

मग कारखान्यात नवीन मॅनेजर आला. त्याला हजेरीवर अंगठे नको होते, सह्या हव्या होत्या. हजेरी घेणारी बाई तरुण होती, तिनं जेवणाच्या सुट्टीत आम्हा अंगठेवाल्यांना शिकवायला घेतलं. आम्ही सात जणी. सगळ्यांना चष्मे लागायला आलेले.

“आधी स्वतःचं नाव,” ती म्हणाली. “बाकी काही नाही आलं तरी चालेल.”

फळा नव्हता. तिनं स्वेटरच्या नमुन्याचा चौकटींचा कागद घेतला, म्हणजे अक्षरं एकसारखी येतील. त्यावर माझं नाव घातलं आणि माझ्यापुढे सरकवलं. वर एक लांब आडवी रेघ. तिच्याखाली पोट असलेलं एक, काठीशेपटीचं एक, सुटसुटीत एक. मी बोट ठेवून चौकटी मोजायला लागले. दोन, एक, तीन. पुढची ओळ न बघता मला सांगता आली असती.

“हे काय लिहिलंय?” मी विचारलं.

“तुमचं नाव.”

“नाही, हे ‘या’ आहे.”

तिला हसू आलं. “‘या’ एवढंसं असतं हो. हे तुमचं नाव आहे, तीन अक्षरी.”

“परत सांग.”

तिनं परत सांगितलं. मी जेवणाचा डबा न उघडता मशीनवर जाऊन बसले. त्या दिवशी माझ्या हातून दोन स्वेटरांच्या बाह्या उलट्या लागल्या.

चारला घरी आले. नणंदबाई दारातल्या पाटावर बसून शेजारणीला तिच्या भावाचं पत्र वाचून दाखवत होत्या. मी पायपुसण्याच्या अलीकडे थांबले. एकेका अक्षरावर बोट दाखवत मोठ्यानं वाचलं. पहिलं. दुसरं. तिसरं. मग तिन्ही एकत्र.

शेजारीण पत्र तिथेच सोडून उठली. “दूध उतू जाईल माझं,” म्हणाली आणि गेली.

नणंदबाईंनी पत्राची घडी घातली. “आली का अक्कल? एकोणीस वर्षं लागली. मला वाटलं होतं, पाच-सात वर्षांत येईल.”

“का केलंत हे?”

“तुला विणायची हौस. मला लिहायची.”

“मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

त्यांची नजर पायपुसण्याच्या कडेवर गेली. मग म्हणाल्या, “चिंधीबाई, आत ये, नाहीतर बाहेर हो. दार अडवू नकोस.”

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो हातातल्या घड्याळाचं झाकण लावत राहिला. “मला वाटलं, तुला माहीत आहे.”

“माझ्या नावाला पाय पुसायला मीच सांगेन?”

“मला वाटलं, हौसेनं घातलंस. कारागीर घालतात ना, आपलं नाव.”

“दारात? पायाखाली?”

“अगं, पायपुसणं ते. दुसरीकडे कुठे घालणार?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताईचं मन दुखवायचं नव्हतं मला. तिचं आधीच…” त्याचं वाक्य नेहमी तिथेच तुटायचं. ताईचं आधीच काय, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं मला सांगितलेलं होतं, आणि त्या दिवशी तर मला ते ऐकायचंही नव्हतं. माझं दुःख मला पुरेसं होतं.

तो म्हणाला, “मी काढतो ते. जाळून टाकू.”

“हात लावून बघा. ज्यांनी ते नाव लिहून दिलं त्यांनीच काढायचं. त्यांनी स्वतःच्या हातानं उचलायचं आणि माझं नाव घेऊन माझ्या हातात द्यायचं. तोवर ते तिथेच राहील.”

नणंदबाई आतून म्हणाल्या, “मग राहील.”

आणि राहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते आणि एकही जळत नव्हता. मी धुवायला तेवढं उचलत असे, वाळलं की परत जागेवर. नवऱ्यानं त्यावर पाय ठेवणं सोडलं. चौकटीला धरून बगळ्यासारखा एक पाय लांबवून तो आत यायचा. एकदा घड्याळांच्या पेटीसकट पडला. मी स्वतः अंग चोरून कडेनं आत यायचे. नणंदबाई मात्र पूर्वीसारख्याच, लांब पाऊल, नावावर उभं राहून सावकाश पाय पुसणं, परत लांब पाऊल. मी घरात असले की जास्तच सावकाश.

“घासा, घासा,” मी म्हणायचे. “तेवढंच माझं नाव तुमच्या अंगाला लागेल.”

“लागतंय म्हणून तर पुसते.”

आता वेड म्हणा, पण मी ते झिजू दिलं नाही. झिजून नाव गेलं असतं तर त्या जिंकल्या असत्या. लाल विरलं की मी कारखान्यातून लाल उरलेली लोकर आणायची आणि जमिनीवर बसून टाका टाका परत भरायची. माझंच नाव, माझ्याच हातानं, पायाखाली, नवं कोरं. शेजारणी म्हणायच्या, हिला काय झालंय. पांढरी पट्टी फाटली की दुसऱ्या चादरीची घातली. सदऱ्यांचे फेरे विरले तिथे तिथे नव्या पट्ट्या ओवल्या. कडेची पिवळी तेवढी पहिल्यापासूनची राहिली. कडेवर कोणी थांबत नाही, ओलांडून जातात. रंग मात्र मातीचा झाला होता.

नवरा गेला तेव्हा त्याचे सदरे मी कापायला काढले. कपाटात ठेवून कसर खाणार, त्यापेक्षा बरं. नणंदबाई येऊन उभ्या राहिल्या.

“भावाचा सदरा तरी सोड.”

“माझ्या नवऱ्याचा आहे.”

“कात्री लावायच्या आधी विचारावं माणसानं. कोणाचं काय असतं ते तुला कळत नाही.”

“आणि तुम्हाला कळतं?”

“मला कळतं,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी वेगळा होता. मी कात्री चालवली.

त्यानंतर घरात आम्ही दोघीच. दोन चुली मांडता आल्या असत्या, पण मग भांडायला कोण? मी स्वयंपाक करी, त्या त्याला नावं ठेवून जेवत. त्या माझी औषधाची चिठ्ठी वाचून दाखवत, आणि वाचताना म्हणत, “तुला येतं ना आता वाचता? मग?” मला छापील येई, डॉक्टरांचं येत नसे. कोणालाच येत नाही.

वय झालं तसं त्यांचं पाऊल आखूड व्हायला लागलं. चौकटीला धरून त्या क्षणभर थांबत, मग नेम धरल्यासारखा पाय टाकत. मी म्हटलं, “कडेवर ठेवा की पाय. विंचू चावणार आहे का?”

“मला तुझ्यावरच ठेवायचा आहे.”

एका सकाळी कामावर निघताना मला दिसलं, कोपऱ्यात पिवळीचा एक टाका सुटून वर आलाय. अंगठा जाईल एवढा फास झाला होता. मी पाहिला. हातात डबा होता, उशीर झाला होता. संध्याकाळी बघू, म्हटलं. हे मी कोणापासून लपवलेलं नाही. मी तो पाहिला होता.

दुपारी त्या बाहेरून आल्या. पाऊल पुरलं नाही, कडेवर पडलं. अंगठा फासात गेला आणि त्या तोंडावर आत पडल्या. समोरच्या शिंप्यानं उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात ते धड जुळत नाही. वाकड्या मुठीची एक काठी दिली, पण त्या उभ्या राहिल्याच नाहीत. बाहेरच्या खोलीत, दारासमोर त्यांची खाट टाकली. तिथून त्यांना दार आणि पायपुसणं दोन्ही दिसे.

“मुद्दाम ठेवलास तो फास,” त्या म्हणाल्या.

“टाका सुटला होता.”

“तुझा टाका सुटतो? इतक्या वर्षांत एक सुटलेला दाखव.”

ही शिवी होती की शाबासकी, ते मला ठरवता आलं नाही. मी त्यांना भरवलं, पुसलं, कूस वळवून दिली. त्या म्हणत, हात खरखरीत आहेत. मी म्हणे, तुमच्या पायांहून बरे. रोज कामावर निघताना मी दारात थांबून विचारायचे, “काढता का आज?”

“उठता येत नाही मला.”

“मग मी इकडे आणून देते. नुसतं हातात घ्या, माझं नाव घ्या, मला द्या. झालं.”

“जा. तुझी गाडी चुकेल.”

असे चार महिने गेले.

एका शुक्रवारी चारला घरी आले तर दारात पायपुसणं नव्हतं. जमिनीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन तेवढा राहिला होता. मी त्या चौकोनावर पाय द्यायच्या आधी क्षणभर थांबले. सवयच तशी झाली होती.

पायपुसणं नणंदबाईंच्या मांडीवर होतं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, घामानं भिजलेल्या. काठी खाटेला लावलेली. तिची ती वाकडी मूठ आणि माझी क्रोशाची सुई, आकार एकच. त्या मुठीनंच त्यांनी पायपुसणं ओढून घेतलं होतं.

“काढलंत तर शेवटी,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. बत्तीस वर्षं ते दारात पडलं होतं.

“काढलं नाही. काठीनं ओढलं. हातानं उचललेलं नाही, उगाच मिरवू नकोस.”

मी जवळ गेले. कडेचे तीनही फेरे उसवलेले होते. ते टोक मी कुठे लपवलं होतं ते मला सांगता आलं नसतं. त्यांनी ते शोधलं होतं. पट्टीचा गुंडा केला होता, चांगला घट्ट, आणि तो त्यांच्या छातीशी होता. आतल्या फेऱ्याचा उघडा टाका पुढे उसवत जाऊ नये म्हणून त्यात सेफ्टी पिन घातली होती. मधलं नाव जसंच्या तसं होतं.

“हे का उसवलंत?”

“माझं होतं तेवढं घेतलं. तुझं तुझ्यापाशी.”

“तुमचं काय होतं त्यात?”

“सहा दुपटी होती.”

मी खाटेच्या कडेला बसले. आजवर त्या खाटेवर मी कधी बसले नव्हते.

“कोणाची?”

“एकवीस दिवसांच्या माणसाची,” त्या म्हणाल्या. “तो गेला, मग त्या लोकांनी मला पाठवून दिलं. येताना तेवढंच आणलं होतं. तू ते कापून दारात टाकलंस.”

“मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी विचारू नको म्हणून बजावलं होतं.”

“विचारू नको म्हणाली. काप म्हणाली होती का?”

खरं म्हणजे सासूबाई ‘कोपऱ्यातलं घे’ म्हणाल्या होत्या, पण ते मी बोलले नाही. गाठोडं कोपऱ्यात नव्हतं, कोपऱ्याला लागून होतं. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

“चुकून झालं ते, वन्सं.”

“तुझं चुकून. माझं मुद्दाम. माझं बरं म्हणायचं, मी कोणाचं नाव घालतेय ते मला माहीत तरी होतं.”

“म्हणून कडेवर पाय देत नव्हता.”

“तुझ्यावर द्यायला जागा होती की.”

“मग एवढी वर्षं घेतलं का नाही? मी कामावर असताना उसवायचं, कोणी बघितलं असतं?”

“घ्यायचं तर वाकावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “तू नसलीस तरी तुझं नाव होतं तिथे. त्याच्यापुढे वाकू?”

बोलून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “गार नाही.”

मी पायपुसणं त्यांच्या मांडीवर नीट केलं, अक्षरं त्यांच्या बाजूला करून. “आता नाव तरी वाचा. एकदा.”

“दिसत नाही मला.”

“पत्रं वाचता ती? बरं, बोटांनी वाचा. मी बोटांनीच शिकले.”

त्यांनी बोट ठेवलं. वरच्या लांब रेघेवरून नेलं, मग पोटावरून, काठीवरून, शेपटीवरून, शेवटच्या अक्षरापर्यंत. कुठेही घाई केली नाही. बोट शेवटी थांबलं.

“चिंधीबाई,” त्या म्हणाल्या.

मी पायपुसणं ओढून घेतलं. सेफ्टी पिन काढली, टाका बंद केला, टोक ओवून टाकलं. दारात परत टाकलं नाही, भिंतीला टेकवून उभं ठेवलं.

“दार बोडकं दिसतंय,” थोड्या वेळानं खाटेवरून आवाज आला.

“नवं विणते. तुमचं नाव घालू का?”

“घाल. मला वाचता येतं. बघून पाय देईन.”

“तुमचे पाय चालतात कुठे?”

“म्हणूनच म्हटलं, घाल.”

त्या दिवसापासून पिवळा गुंडा त्यांच्या उशाशी राहिला. मी त्याला हात लावला नाही. चादर बदलताना तो त्याच उचलून धरत आणि परत ठेवत. बाकी सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. डाळ खारट होती, माझे हात खरखरीत होते, खिडकी एकदा उघडी असायची आणि एकदा बंद.

नणंदबाई त्या शुक्रवारनंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी वारल्या. माझ्या लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती आणि त्यांना परत येऊनही तेवढीच. मी कामावर होते.